एक्केचाळीस नंबरचा बिल्ला

लाइट गेली ना? जाऊ द्या. शिल्पा, ती मोबाईलची बत्ती बंद कर आधी, डोळ्यांत घुसते. गच्चीवर बसायला काचीगुडा स्टेशनाचा उजेड पुरतो. आणि विवेक, बिजलीवाल्यांना शिव्या घालू नकोस. तुम्हा लोकांना बटण दाबलं की पंखा फिरतो एवढंच माहीत. त्या पंख्यासाठी दूर कुठे तरी कुणी रात्रभर जागत असतं, हे कधी डोक्यात येतं का? अशाच एका जागणाऱ्या माणसाची गोष्ट सांगतो. माणूस माझ्या ओळखीचा आहे, जिवंत आहे, विद्यानगरला राहतो. धम्मानंद त्याचं नाव. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, म्हणून मी त्याला अरेतुरे करतो. गोष्ट पटली तर घ्या, नाही तर जिना उतरायला मोकळे आहात. अंधारात उतरावं लागेल, तेवढं सांगून ठेवतो.

गेल्या वर्षीचा ऑगस्ट. एकोणीस तारीख, मंगळवार. संध्याकाळी सात वाजता धम्मानंद एक घड्याळ काखेत मारून अफझलगंजला गेला. ऑफिसच्या भिंतीवरचं घड्याळ तीन दिवसांपासून सव्वादहावर अडून बसलं होतं. सेल बदलून झाला, थापट्या मारून झाल्या, पण काटा हलायचं नाव घेईना. अफझलगंजच्या एका गल्लीत म्हातारा घड्याळजी बसतो. त्याने झाकण उघडलं, फुंकर मारली आणि सांगितलं, "इसके पेट में धूल गई मियाँ. कल शाम को आओ." झालं. धम्मानंद रिकाम्या हाताने परतला. ऑफिसच्या भिंतीवर घड्याळाच्या जागी नुसता खिळा राहिला. बाहेरचं एवढंच काम होतं त्या दिवशी.

ऑफिस इथून चार गल्ल्या पलीकडे. खाली झेरॉक्सचं दुकान, वर तिसऱ्या मजल्यावर कंपनी. कंपनीचं नाव मी घेणार नाही, आणि तिथून ज्या वीजकेंद्रावर नजर ठेवतात त्याचंही नाही. गोदावरीकाठी आहे, इथून पाच तासांवर, एवढं पुरे. तिथला कोळसा कसा हलतो, कुठे अडतो, कुठला बेअरिंग तापतो, हे सगळं या खोलीतल्या सहा पडद्यांवर दिसतं. धम्मानंदची त्याच केंद्रात कोळशावर एकतीस वर्षं गेली होती. रिटायर झाल्यावर कंपनीने त्याला धरून आणला, कारण इंजिनिअर पोरांना कॉम्प्युटर कळत होता, कोळसा कळत नव्हता.

आता कोळसा कळणं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. वॅगनमधून आलेला कोळसा फुटून एका लांबलचक रबरी पट्ट्यावर पडतो. तो पट्टा चढण चढत बॉयलरच्या वर जातो. तिथे लोखंडी कोठ्या असतात, घराएवढ्या. कोठीतून खाली फीडर, फीडरमधून चक्की, चक्कीतून पीठ होऊन बॉयलरमध्ये. उन्हाळ्यात सगळं सुरळीत. पावसाळ्यात मात्र ओला कोळसा म्हणजे भिजवलेली कणीक. कोठीच्या तोंडाशी चिकटून बसतो, वर ढीग आणि खाली फीडर उपाशी. मग माणसं घण घेऊन कोठीला बाहेरून ठोकत बसतात. धम्मानंदने कोठीच्या आत गुळगुळीत पत्रे बसवायला लावले, तोंडं रुंद करायला लावली, कंप देणारी यंत्रं लावून घेतली. कोठ्या अडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. माणूस कामाचा होता, यात वाद नाही.

पट्ट्याच्या कडेकडेने एक दोरी असते. मैल म्हणा ना, जवळजवळ तेवढी लांब. दर थोड्या अंतरावर तिची एक पेटी, पेटीला नंबर. चालत्या पट्ट्यावर कुणी सापडलं, काही अघटित दिसलं, की दोरी ओढायची. जागच्या जागी पट्टा थांबतो आणि कंट्रोल रूममध्ये त्या पेटीचा नंबर लागतो. पण पावसाचं पाणी पेटीत गेलं की दोरी कुणी न ओढताच पट्टा थांबतो. मग माणूस चालत जाणार, पेटी शोधणार, हाताने सोडवणार. तोवर वर कोठ्या रिकाम्या, आणि कोठ्या रिकाम्या झाल्या की वीज बनवणारं अख्खं युनिट बंद पडतं. यावर धम्मानंदनेच तोड काढली होती. कॅमेऱ्यात पाहायचं, पट्ट्यावर माणूस नाही याची खात्री करायची, आणि हैदराबादेतून एक बटण दाबून दोरी सोडवायची. कंपनी खूश झाली होती. जुन्या कामगारांत मात्र एक नियम होता, कागदावर कुठेही नव्हता, पण देवाच्या शपथेसारखा पाळायचे. ज्याने दोरी ओढली, त्यानेच ती सोडवायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही.

हा नियम धम्मानंदला शिकवला भिवाजीने. दोघं नांदेडकडच्या एकाच गावचे, एकाच वस्तीतले. भिवाजी वयाने मोठा, त्यानेच याला नोकरीला लावलं, हात धरून पट्ट्यावर फिरवलं. लोखंडी सळई हातात घेऊन भिवाजी रात्री पट्ट्याकडेने चालायचा आणि पत्र्यावर ठोके द्यायचा. एक ठोका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे हळू. तीन म्हणजे माणूस आत आहे. आणि पट्ट्यावर जाण्याआधी कंट्रोल रूममधल्या फळीवर आपला पितळी बिल्ला खिळ्याला लावायचा, परत आलं की काढून घ्यायचा. बिल्ला खिळ्यावर आहे तोवर पट्टा कुणी चालू करायचा नाही. भिवाजीचा बिल्ला एक्केचाळीस नंबरचा. त्याच्या भोकात त्याने बायकोच्या जुन्या लुगड्याचा निळा काठ फाडून ओवला होता.

आठ वर्षांपूर्वी तो पट्ट्यावर गेला. अशाच ऑगस्टात. चौकशी झाली आणि कागदावर लिहिलं गेलं, की मयत भिवाजी बिल्ला न लावता, कुणाला न सांगता आत गेला. चूक त्याची. सगळ्यांनी मान डोलावली.

धम्मानंदनेही डोलावली.

तर मंगळवारची रात्र. नऊला त्याच्या मुलीचा, दीपमालाचा, पुण्याहून फोन आला. रोज येतो. जेवलात का पप्पा, जेवलो, काय जेवलात, पोळी-भाजी. खरं तर सोमवारची खिचडी डब्यात होती. बायको जाऊन तीन वर्षं झाली. घरात बोलायला भिंतीच, म्हणून त्याने रात्रपाळी मागून घेतली होती. दिवसपाळीच्या किशोरला हेच हवं होतं. लोक त्याला म्हणायचे, कशाला या वयात जागता? तो हसायचा. मला एकदाच म्हणाला होता, भगवंतराव, घरी झोपलं की ऐकू येतं, इथे जागं राहिलं की येत नाही. काय ऐकू येतं, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

साडेअकराला शेवटची मोठी गाडी गेली. खिडकीची तावदानं थरथरली आणि थांबली. खालचं शटर कधीच बंद झालं होतं. वॉचमन जिन्याखाली घोरत होता. वर हा एकटा आणि सहा पडदे. तिकडे गोदावरीकाठी पाऊस लागला होता, इथे थेंब नाही. तीनपैकी दोन कोठ्या ओल्या कोळशाने अडल्या होत्या, तिथली माणसं घणाने ठोकत होती. तिसरीत जेमतेम कोळसा होता. पट्टा चालू होता म्हणून निभत होतं.

एक वाजता त्याने चहा केला. एकच कप. दीडला तो दिवा मालवून पडद्यांच्या उजेडात बसला, डोळ्यांना बरं वाटतं म्हणून.

दोन वाजून दहा मिनिटांनी पट्टा थांबला.

पडद्यावर लाल अक्षरं आली. दोरी ओढली. पेटी नंबर सत्तावीस.

त्याने कप खाली ठेवला. पुन्हा वाचलं. सत्तावीस.

तेवढ्यात फोन वाजला. तिकडचा शिफ्ट इनचार्ज, प्रशांत. चांगला मुलगा, पण त्या रात्री घाईला आलेला. म्हणाला, सर, पेट्या तर सव्वीसच आहेत ना आपल्याकडे? सत्तावीस कुठून आणली याने? धम्मानंद म्हणाला, नाहीच ती. आणि खरंच नव्हती. भिवाजी गेल्यावर पट्ट्याचं ते टोक तोडून नवं बांधलं होतं. दोरी सव्वीसवरच संपत होती. सत्तावीस नंबरची पेटी भंगारात गेली, तेव्हा हा स्वतः तिथे उभा होता.

"मग सिस्टीम येडी झाली सर. पाणी गेलं असेल कुठे तरी. तुम्ही सोडवा तिकडून."

"पट्ट्यावर कोण आहे?"

"कुणी नाही. कार्ड मशीन शून्य दाखवतंय. अकरा गेले, अकरा आले."

आता बिल्ले नव्हते. आता कार्ड होती. धम्मानंदने एकेक कॅमेरा पाहिला. दिव्यांभोवती पाऊस, पट्टा, पट्ट्यावर काळा ढीग. माणूस नाही. त्याच्या स्वतःच्या नियमाप्रमाणे दोन्ही खात्र्या झाल्या होत्या. कॅमेरा मोकळा, कार्डं पुरी. बटण दाबायला हरकत नव्हती.

"किती मिनिटांचा कोळसा आहे?" त्याने विचारलं.

"चौदा. फार तर पंधरा. युनिट पडलं तर मला फाडून खातील सर. आणि तुमच्या कंपनीलाही. तुमचं ते बटण कशाला आहे मग?"

रास्त बोलला. धम्मानंदने हात पुढे केला. बोट बटणावर ठेवलं.

आता जे मी सांगतो ते त्याने मला नंतर सांगितलं, मान खाली घालून. बोट बटणावर होतं आणि त्याला आठ वर्षांपूर्वीची रात्र दिसली. त्याही रात्री पावसाने दोरी पाच वेळा खोटी पडली होती. पाचही वेळा माणूस चालत गेला, आला. सहाव्या वेळी सत्तावीसचा नंबर लागला. वरून फोनवर फोन, कोठ्या रिकाम्या, युनिट पडणार. आणि धम्मानंदने एक तार जोडून दोरी कापली, म्हणजे तिचं ऐकणंच बंद केलं, आणि पट्टा चालू केला. फळी त्याच्या पाठीमागे होती. वळून पाहायला एक क्षण लागला असता. त्याने वळून पाहिलं नाही. नंतर पाहिलं. एक्केचाळीस नंबरचा बिल्ला खिळ्यावर होता.

भिवाजी सगळं नियमाने करून आत गेला होता. बिल्ला लावला होता. दोरी ओढली होती. तीन ठोकेही दिले होते. धम्मानंदला ते ठोके ऐकू आले होते, पोरांनो. पत्रा हलतोय असं त्याने मनाला सांगितलं.

साहेब लोक येण्याआधी त्याने बिल्ला खिळ्यावरून ओढून काढला. निळा काठ तुटला. बिल्ला खिशात घातला. ज्याने याला हात धरून चालायला शिकवलं, त्याच्याच माथी याने चूक मारली. रिटायर झाला त्या दिवशी पुलावरून तो बिल्ला गोदावरीत टाकला. हे ना बायकोला सांगितलं, ना मुलीला. भिवाजीची बायको विमलाबाई मुलाबरोबर इथेच अंबरपेटला राहायला आली, तर हा त्या गल्लीने जाईना. अर्धा मैल वळसा घालून जायचा.

तर बोट बटणावर.

फोनमध्ये प्रशांत. "सर? दहा मिनिटं राहिली."

आणि खोलीत आवाज झाला.

ठक्.

लोखंडावर लोखंड.

खोलीच्या कोपऱ्यात फायलींचं कपाट होतं. लोखंडी. कुलूप लावलेलं. आवाज त्यातून आला.

ठक्.

धम्मानंदला वाटलं, गाडी आली असेल. गाडी नव्हती. तावदानं गप्प होती.

ठक्.

मग काही नाही...

तीन. एवढंच. घाई नाही, राग नाही. रात्रभर चालून आलेला माणूस देतो तसे. पत्र्यावर. सळईने.

खोलीत वास आला. ओल्या कोळशाचा. तो वास ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. इथे काचीगुड्यात, तिसऱ्या मजल्यावर...

"सर, ऐकताय ना?"

त्याने पडद्याकडे पाहिलं. शेवटचा कॅमेरा. पट्ट्याचं खालचं टोक. मघाशी मोकळं होतं.

आता तिथे कुणी तरी उभं होतं.

पाठमोरं. डोक्याला गमछा. एक खांदा जरा खाली, सळई धरून धरून खाली झालेला. उजवा हात वर... जिथे दोरी नव्हती तिथे मूठ आवळलेली. ओढून धरलेली. पाऊस त्याच्या अंगावर पडत नव्हता. मागे पडत होता, पुढे पडत होता...

तो वळला नाही.

"प्रशांत," धम्मानंद म्हणाला. "शेवटच्या कॅमेऱ्यात काय दिसतं?"

"काही नाही सर. पाऊस."

धम्मानंद पडद्यावरच्या त्या पाठीकडे पाहत राहिला.

"सर, प्लीज. आठ मिनिटं."

धम्मानंदने बोट उचललं. हात मागे घेतला. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, लहान मूल धरतं तसे.

"मी सोडवणार नाही," तो म्हणाला. "माणूस पाठव. खालच्या टोकाला. आत कुणी तरी आहे."

"कार्ड शून्य आहे सर!"

"त्याही वेळी फळी रिकामीच दाखवली होती आपण. तू माणूस पाठव. युनिट पडू दे. लिहून घे, माझ्या नावावर लिही. ज्याने दोरी ओढली तोच सोडवेल."

प्रशांतने काही तरी पुटपुटत फोन ठेवला. दोन वाजून सव्वीस मिनिटांनी तिसरी कोठी रिकामी झाली. मग विजेचे आकडे उतरायला लागले. दोनशे. दीडशे. साठ. शून्य. एवढा मोठा संच बंद पडला आणि हैदराबादेत एक दिवा मिणमिणला नाही. स्टेशनावर भोंगा वाजला, खाली वॉचमनने कूस बदलली. जगाला पत्ताच नव्हता. धम्मानंद पडद्याकडे पाहत बसला. त्या टोकाला आता कुणी नव्हतं. वेळ किती झाली ते पाहायला त्याने सवयीने भिंतीकडे मान वर केली. तिथे नुसता खिळा होता. रिकामा. ही गोष्ट तो आजही शपथेवर सांगतो.

पावणेतीनला फोन आला. प्रशांत रडत होता.

आत एक बाई होती. तारामती नाव. पट्ट्याखाली सांडलेला कोळसा झाडायच्या कामावर चार दिवसांपूर्वी लागलेली. तिचं कार्ड अजून यायचं होतं, मुकादमाने तोवर तसंच आत सोडलं होतं. म्हणून मशीन शून्य दाखवत होतं. खालच्या टोकाला पट्ट्याशी चिकटलेला कोळसा पहारीने सोडवताना पाय घसरला आणि पट्टा आणि पत्रा यांच्या फटीत गुडघ्यापर्यंत अडकला. पत्र्याआड पडलेली, म्हणून कॅमेऱ्यात येईना. पट्टा दोन हातही पुढे सरकला असता तर ती वरच्या रोलरमध्ये गेली असती. पाय मोडला होता. बाई जिवंत होती.

"सर, ती म्हणते, दोरी मी ओढली नाही. हातच पोचत नव्हता. ओरडत होते म्हणते, कुणाला ऐकू जाईना... मग पट्टा आपोआप थांबला."

फोन ठेवल्यावर धम्मानंदने टेबलावर डोकं ठेवलं आणि आठ वर्षांचं रडला. मोठ्याने. ऐकायला कुणी नव्हतंच.

सकाळी किशोर आला, त्याच्या हवाली खोली केली आणि हा निघाला. विद्यानगरला गेला नाही. अंबरपेटच्या त्या गल्लीत गेला, वळसा न घालता. विमलाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. जयभीम वहिनी, म्हणाला. त्यांनी वर पाहिलं. आठ वर्षांनी पाहिलं, पण ओळखलं. "जयभीम भाऊजी. बसा," म्हणाल्या, आणि पुन्हा तांदळाकडे पाहायला लागल्या.

तो बसला नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. तार जोडली ते. ठोके ऐकले ते. बिल्ला काढला ते. काही राखून ठेवलं नाही.

विमलाबाईंचा हात ताटात थांबला.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "हे कोपऱ्यावर तंबाखू आणायला गेले तरी सांगून जायचे. न सांगता आत कसे जातील? पोराला शाळेत म्हणायचे, तुझा बाप नियम मोडून मेला. आठ वर्षं मी एकटीच म्हणत राहिले, नाही म्हणून."

"मी लिहून देतो, वहिनी. केंद्रावर जाऊन साहेबांसमोर सांगतो."

"सांगाल. आज झोप मोडली म्हणून सांगाल. उद्या ते विचारतील, बिल्ला लावला होता कशावरून? मग तुमचा शब्द आणि कागदाचा शब्द. कागद जिंकतो भाऊजी, मी पाहिलंय." त्यांनी ताट बाजूला सारलं. "मला तुमचा शब्द नको. त्यांचा बिल्ला आणून द्या."

आता कुठून आणणार? तीन वर्षं झाली होती नदीत टाकून. गोदावरीला तेवढ्यात तीन पूर येऊन गेले. बरोबरच होतं बाईचं, आणि देता येण्यासारखंही काही नव्हतं. धम्मानंद हात जोडून निघाला. दिवसभर कुठे भटकला त्यालाच आठवत नाही. मुसीच्या पुलावर बराच वेळ उभा होता म्हणतो. जीव द्यायचा विचार नव्हता, फक्त घरी जावंसं वाटत नव्हतं.

संध्याकाळ झाली तेव्हा ध्यानात आलं, की आपण अफझलगंजलाच उभे आहोत. घड्याळजीने घड्याळ पुढे केलं. चालू होतं. काखेत मारलं आणि पाळीची वेळ झाली म्हणून ऑफिसात आला. माणसाला सवय चालवते, दुसरं काय.

किशोर निघायच्या तयारीत होता. त्याने सांगितलं, दिवसभर कुणी आलं नाही, गेलं नाही, जेवणही इथेच खुर्चीत झालं. युनिट दुपारी चालू झालं. वरून निरोप होता, की ते बटण काढून टाकताहेत. मग तो जिना उतरून गेला.

धम्मानंदने दिवा लावला. खुर्ची भिंतीशी ओढली. वर चढला. घड्याळ एका हातात, दुसऱ्या हाताने खिळा चाचपला...

खिळा रिकामा नव्हता.

तो तिथेच उभा राहिला. खुर्चीवर. बोटांखाली गार पितळ. भिंतीवरून पाण्याचा एक ओघळ खाली आला होता. काळा.

त्या रात्री त्याने ऑफिस उघडं टाकलं आणि अंबरपेट गाठलं. पुढे चौकशी पुन्हा उघडली, धम्मानंदने साहेबांसमोर आपलं नाव घेऊन सगळं सांगितलं. कागद बदलला. त्याची व्हायची ती शिक्षा चालू आहे, आणि तो म्हणतो, आता घरी झोप लागते. दिवाळीला विमलाबाईंनी त्याला जेवायला बोलावलं नाही. भाऊबीज झाल्यावर एक डबा पाठवला. तेवढंही पुष्कळ आहे.

बिल्ला त्यांच्याकडे आहे. मी पाहिलाय, या हातात घेऊन पाहिलाय. एक्केचाळीस. पितळ, कडा झिजलेल्या. भोकात निळा काठ. धम्मानंदने ओढून तोडला होता ना... तो तुटलेला नाही. दोन्ही टोकं जुळवून बांधलाय. विमलाबाईंनी मला ती गाठ दाखवली. म्हणाल्या, अशी उलटी गाठ आमच्या घरात एकच माणूस मारायचा.

काठ जुना होता. विटलेला.

गाठ नवी होती.